क्रिएटिनिन उतरले म्हणजे किडनी बरी झाली असे नव्हे

मांजर पाळणाऱ्यांमध्ये किडनीच्या आजाराविषयी एक संदेश हातोहात फिरत असतो. त्याचा आशय असा: आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, म्हणजेच मांजर खात-पीत आणि खेळत असेल, तर मांस-मासे पूर्ण बंद करावेत, सिरिंजने दर तासाला पाणी पाजावे आणि वनस्पतींचा काढा द्यावा, दीड-दोन महिन्यांत क्रिएटिनिन (किडनीचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजला जाणारा टाकाऊ घटक) उतरते, किडनी पूर्ववत होते आणि पुढे औषधांची किंवा तपासण्यांची गरज उरत नाही. पुरावा म्हणून 'आधी' आणि 'नंतर'चे रक्ताचे अहवाल जोडलेले असतात. संदेशावर विश्वास बसतो तो या आकड्यांमुळे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी.

ते आकडे खोटे असतीलच असे नाही, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि किडनी ते रक्तातून गाळून बाहेर टाकते. त्यामुळे रक्तातले त्याचे प्रमाण किडनीच्या क्षमतेइतकेच शरीरात स्नायू किती आहेत यावरही ठरते. मांजराला मांस देणे बंद केले की काही आठवड्यांत त्याचे स्नायू झिजू लागतात, झिजलेले स्नायू कमी क्रिएटिनिन तयार करतात आणि किडनीत तसूभरही सुधारणा नसताना अहवालातला आकडा खाली येतो. उपायाने केलेले नुकसानच इथे उपायाचा पुरावा म्हणून दाखवले जाते, आणि ही मला या संदेशातील सर्वांत घातक गोष्ट वाटते. शिवाय पहिला नमुना मांजराच्या शरीरात पाणी कमी असताना घेतलेला असेल, तर नुसते पाणी भरून निघाल्यानेही दुसरा आकडा बरा दिसतो. स्नायूंच्या झिजेचा परिणाम एसडीएमए या किडनीच्या कार्यक्षमतेच्या दुसऱ्या रक्ततपासणीवर फारसा होत नाही, म्हणून ती क्रिएटिनिनच्या जोडीने करून घ्यावी. घरी करता येण्याजोगी परीक्षा याहून सोपी आहे. मांजराच्या पाठीवरून बोटे फिरवताना कण्याचे मणके एकेक करून टोचू लागले असतील आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचा भरीव भाग बसला असेल, तर अहवाल कितीही सुधारलेला दिसो, ते मांजर खंगत चालले आहे.

आता मांस बंद करण्याविषयी. मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. प्रथिनांचे विघटन करणारी त्याच्या यकृतातील यंत्रणा सतत चालू असते आणि आहारातली प्रथिने फार घटली तरी ती आपला वेग पुरेसा कमी करू शकत नाही. बाहेरून प्रथिने मिळाली नाहीत की ती स्वतःच्या स्नायूंमधून काढली जातात. हृदय आणि डोळ्यांचा पडदा यांना लागणारे टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांसातूनच मिळते. या सल्ल्यात सत्याचा एक अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही: आजार पुढे सरकल्यावर प्रथिने माफक प्रमाणात कमी केल्यास रक्तात साचणारी अपायकारक द्रव्ये घटतात आणि मांजराला बरे वाटते. परंतु माफक कपात आणि पूर्ण बंदी यांत फार अंतर आहे. किडनीसाठी बनवलेल्या विशेष आहारात प्रथिने कमी पण चांगल्या प्रतीची असतात आणि त्याचा मुख्य भर फॉस्फरस कमी करण्यावर असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आजाराच्या (एकूण चार टप्प्यांपैकी) दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील ४५ मांजरांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. नेहमीचा आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे २६ टक्के मांजरांना रक्तात विषारी द्रव्ये साचून आजार बळावण्याचे प्रसंग आले, विशेष आहार घेणाऱ्यांपैकी एकालाही आला नाही. दुसऱ्या टप्प्यात रक्तातले फॉस्फरस दर डेसिलिटरला २.७ ते ४.६ मिलिग्रॅम या मर्यादेत राखणे हे उद्दिष्ट मानले जाते. हाडे आणि अन्नात मिसळलेले फॉस्फेटचे क्षार टाळणे हे मांस बंद करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. नवा आहार काही आठवड्यांत, जुन्यात थोडा थोडा मिसळत आणावा. मळमळत असताना समोर ठेवलेले अन्न मांजर कायमचे नाकारू शकते, आणि उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात काही दिवसांतच चरबी साचून जिवावर बेतते. फॉस्फरस कमी केल्यावर काही मांजरांच्या रक्तात कॅल्शियम वाढते, म्हणून हा बदलही तपासणीच्या आधारानेच करावा.

मांजर खेळते आहे म्हणून टप्पा सुरुवातीचा, हे गृहीतकही टिकत नाही. क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढते तोवर किडनीची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असू शकते. पशुवैद्य किडनीच्या आजाराचे टप्पे ठरवण्यासाठी वापरतात त्या आयआरआयएस वर्गीकरणात दर डेसिलिटरला १.६ ते २.८ मिलिग्रॅम क्रिएटिनिन हा दुसरा टप्पा आहे, आणि अनेक प्रयोगशाळांच्या 'सामान्य' मर्यादेत त्यातले बरेच आकडे बसतात. टप्पा ठरवण्यासाठी लघवीची घनता, तिच्यातील प्रथिने आणि रक्तदाब हेही पाहावे लागतात. यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही.

किडनी पूर्ववत होते, हा दावा जुनाट आजाराला लागूच पडत नाही, कारण निकामी झालेल्या भागाची जागा व्रणासारख्या तंतुमय ऊतीने घेतलेली असते आणि ती परत कामाला लागत नाही. संसर्ग, मूत्रमार्गातील अडथळा किंवा विषबाधा यांमुळे अचानक बिघडलेली किडनी मात्र वेळेवर उपचार झाल्यास बरीच सावरू शकते. 'पूर्ण बरे झाले' अशा काही कथांमागे हेच असण्याची शक्यता आहे, पण त्याचे श्रेय काढ्याला देता येत नाही.

पाण्याचे महत्त्व खरे आहे, पद्धत चुकीची आहे. जबरदस्तीने पाजलेले पाणी श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो, आणि सिरिंज दिसताच पळणारे मांजर हळूहळू खाण्याच्या जागेपासूनही दूर राहू लागते. ओल्या अन्नात सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी असते, कोरड्या दाण्यांत जेमतेम १०. हा एक बदल दिवसभराच्या सिरिंजपेक्षा अधिक पाणी पोटात नेतो. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवावीत. कातडीखाली सलाइन देणे हा पुढच्या टप्प्यातला उपाय आहे. शरीरात पाणी कमी पडत नसताना ते दिल्याने नाहक मीठ जाते आणि हृदय कमकुवत असल्यास धोका वाढतो.

काढ्याविषयी थोडक्यात सांगतो. घटक आणि मात्रा अज्ञात असलेले कोणतेही मिश्रण आजारी किडनीला देऊ नये. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट करतात, लिलीच्या परागाचा अंशही किडनी निकामी करू शकतो आणि पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक आहे.

तपासण्यांची गरज नाही, या दाव्याला रक्तदाबाचे उदाहरण पुरेसे आहे. या आजारात रक्तदाब वाढणे सर्रास आढळते आणि त्याची लक्षणे दिसत नाहीत. दिसतात तेव्हा डोळ्याचा पडदा सुटून मांजर आंधळे झालेले असते. १६० च्या वर टिकून राहणारा (वरचा) दाब ॲम्लोडिपिनसारख्या औषधाने आटोक्यात आणता येतो, पण तो मोजलाच नाही तर कळणार कसा? प्रकृती स्थिर असली तरी दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासावा. घरी दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे ५ टक्के घट आहे. मांजराच्या शौचपेटीतील वाळूत बनणारे लघवीचे गोळे मोठे होऊ लागले, तर तेही नोंदवावे. मांजराने २४ तास काहीच खाल्ले नसेल, त्याला वारंवार उलट्या होत असतील, पोटॅशियम घटल्याने मान उचलता येत नसेल किंवा ते अचानक वस्तूंना धडकू लागले असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.