राजाच्या नावाने खडे फोडा आणि वेगळे व्हा

इंग्लंडपासून वसाहत तोडायची असेल तर आधी खरं भांडण कुणाशी आहे ते विसरून जा. अमेरिकेत १७६५ चा स्टॅम्प कर लावला पार्लमेंटने, १७७३ चा चहाचा कायदाही पार्लमेंटचाच, आणि तिथली वसाहतवाली मंडळी पार जुलै १७७५ पर्यंत राजालाच अर्ज करत होती की महाराज, तुमच्या मंत्र्यांना जरा आवरा. तिसऱ्या जॉर्जने अर्ज हातातसुद्धा घेतला नाही, उलट बंडखोर ठरवून मोकळा झाला. बरंच झालं म्हणा! पार्लमेंटवर राग धरायचा तर शेकडो नावं पाठ करा, राजा कसा एकटाच सापडतो.

मग एक टॉमस पेन पकडा. अबकारी खात्यातून काढून टाकलेला, इंग्लंडहून येऊन जेमतेम वर्ष झालेला असला तर फारच छान. जानेवारी १७७६ मध्ये त्याने 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निनावी छापली, त्यात कराचा हिशेब मांडत बसला नाही, थेट घराण्याच्या मुळावरच गेला, की इंग्लंड जिंकून राजा झालेला विल्यम नावाचा एक फ्रेंच अनौरस पोरगा हत्यारबंद लुटारू घेऊन किनाऱ्याला लागला, हीच तुमची थोर सुरुवात ना? धार्मिक वाचकांसाठी बायबलमधला, राजा मागू नका म्हणणारा संदेष्टा शमुवेलही आणला (पुढे याच पेनने बायबलचीही सालं काढली, पण ते नंतर). आता कुणी विचारलंच की राजा नसता तर पार्लमेंटने कर लावला नसता का, तर त्याला टोरी, म्हणजे राजाचा पित्त्या म्हणा. विषय कट.

पुतळ्याचा धातू मात्र विचार करून निवडा. न्यूयॉर्ककरांनी १७७० मध्ये याच जॉर्जचा सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा हौसेने बसवला, ९ जुलै १७७६ ला तोच पाडला आणि शिसं वितळवून राजाच्याच सैन्यावर झाडायला गोळ्या पाडल्या.

पैसे नि आरमार कमी पडलं तर पुस्तिका खिशात ठेवून फ्रान्सच्या सोळाव्या लुईकडे जा, १७७८ मध्ये तसा रीतसर तहच झाला. तोही वंशपरंपरेचाच राजा, वर त्याला पार्लमेंटची कटकट नाही.

आणि हो, स्वातंत्र्याचा जाहीरनामा नीट तपासा. तो लिहिणाऱ्या जेफरसनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचं खापरही राजावर फोडलं होतं, स्वतःकडे शंभरावर गुलाम असताना. साउथ कॅरोलिना-जॉर्जियावाल्यांना तो व्यापार चालूच ठेवायचा होता, मग वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, तो परिच्छेदच उडवला, तेव्हा राजाचे गुन्हे मोजताना आपल्याला पुढे जे करायचंय ते चुकून यादीत येऊ देऊ नका.