फुकटची वेबसाइट हवीय ना? घ्या!

‘वर्डप्रेस फुकट असतं ना? मग पैसे कसले मागता?’ दहिसरपासून कुलाब्यापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या नाहीतर मंडळाच्या कमिटीत बसा, हे वाक्य तोंडावर येणारच. अहो, वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, राबणारा माणूस नाही! लिफ्टला वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, देता, टाकी धुवायला माणूस बोलावता. वेबसाइटचं नाव निघालं की मात्र लगेच खजिनदार खोकतो.

मग कुणाचा तरी अकरावीतला भाचा सापडतो. तो एका रविवारात पंचवीस प्लगइन (जादा सोयींचे जोड) चढवतो, वर कुठून तरी उचललेली ‘क्रॅक’ केलेली, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेली, पेड थीम (साइटचा तयार साज). अशा थीममध्ये हॅकरसाठी चोरदरवाजा अनेकदा आधीच ठेवलेला असतो. सोसायटीला पत्ता लागतो तो गूगलवर आपल्या नावाखाली जपानी अक्षरांत बुटांच्या जाहिराती दिसायला लागल्यावर. बरं, वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात (रिपॉझिटरीत) हजारो थीम खरोखरच फुकट पडल्यात, चोरायची गरजच काय?

सेटिंग्ज उघडून बघायचे कष्ट कुणी घेत नाही. इंग्रजी वर्डप्रेस टाकलं की घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतं. जनरल सेटिंग्जमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ केला नाही, तर सकाळी 9 ला लावलेली सर्वसाधारण सभेची नोटीस दुपारी 2:30 ला झळकते. तीही कुणी साइटवर फिरकलं तर! कारण वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं उरकणारी यंत्रणा, घड्याळावर नाही, येणाऱ्याजाणाऱ्यावर चालतो. उपाय दोन मिनिटांचा आहे: कॉन्फिग फाइलमध्ये तो बंद करा आणि होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरच्या) पॅनेलमधून दर 15 मिनिटांनी खरा, घड्याळावर चालणारा क्रॉन लावा. पण नाही, ‘साइट स्लो आहे’ म्हणून आणखी एक प्लगइन टाकतील!

आणि मराठी शीर्षकं! पर्मालिंकमध्ये, म्हणजे पानाच्या कायमच्या पत्त्यात, देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह नऊ कॅरेक्टर खातं, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजून. स्लगची, म्हणजे पत्त्यातल्या शीर्षकाच्या तुकड्याची, मर्यादा 200 कॅरेक्टर. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खल्लास. ‘सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणी’ असं पान बनवून बघा. पहिल्या दोन शब्दांत आणि दोन डॅशमध्ये 164 जातात, उरलेल्या 36 मध्ये चार चिन्हं बसतात, आणि पत्त्यात उरतं ‘सार्वजनिक-गणेशोत्सव-वर्ग’. वर्गणीतली ‘णी’ गेली, मंडळ क्लास घेतंय की काय! तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ. पब्लिश करण्याआधी स्लग रोमन लिपीत, दोन शब्दांचा करा, इतकंच. नंतर बदललात तर पोस्टचा (तारखेनिशी टाकलेल्या नोंदीचा) जुना पत्ता निदान नव्याकडे वळतो, पेजचा (कायमच्या पानाचा) तेवढाही वळत नाही. तोवर क्यूआर कोड छापून मांडवात लागलेला असतो.

द्रुपल हे वेबसाइट बनवायचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर; ते वापरणाऱ्यांची तऱ्हा निराळी. द्रुपल 7 आलं 5 जानेवारी 2011 ला, त्याचा अधिकृत सपोर्ट संपला 5 जानेवारी 2025 ला. चौदा वर्षं! तरी अजून ‘चालतंय ना, चालू दे’. सातवरून पुढे नुसतं अपडेटचं बटण दाबून जाता येत नाही. नवी साइट उभारून मजकूर तिकडे हलवावा लागतो आणि थीम नव्याने लिहावी लागते. हे काम कमिटी कुणाला सांगते? भाच्याला!

होस्टिंगवाल्याने पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) 8 केलं की कित्येक जुन्या थीमचं पांढरं पान होतं, कारण त्यांत वापरलेली ‘क्रिएट फंक्शन’ ही आज्ञा पीएचपी 8 मध्ये उरलीच नाही. मग बॅकअप शोधा. तो असतो त्याच सर्व्हरवर, त्याच फोल्डरात, आणि त्यातही फक्त फोटो, डेटाबेस नाही. म्हणजे फोटो आहेत, नोटिसा आणि मजकूर गायब. बॅकअप घेतला तो दुसऱ्या ठिकाणी उघडून कधी पाहिलाय का कुणी?

या सगळ्यावर कळस म्हणजे डोमेन, साइटचं नोंदवलेलं नाव. ते असतं माजी सेक्रेटरींच्या खासगी ईमेलवर. रिन्यूअलची सूचना तिथे, पासवर्ड बदलायची लिंकही तिथेच. सेक्रेटरी फ्लॅट विकून बदलापूरला गेले, आणि फोन उचलत नाहीत.