तुंबलेल्या संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका

‘संडास तुंबला तर ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओता, लगेच मोकळा होतो,’ असा मेसेज फिरतोय. कृपया हे करू नका. या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो. छोट्या, बंद संडासात तो थेट फुप्फुसांत जातो. दमेकऱ्यांच्या तर जिवावर बेतू शकतं. बाजारातल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, म्हणजे धोका तोच. आणि एवढं करून अडकलेला सॅनिटरी पॅड, डायपर किंवा कापडाचा बोळा विरघळत नाहीच!

रबरी पंप पाण्यात बुडवून, भोकावर घट्ट बसवून दाबा-ओढा. नाही निघालं तर प्लंबर बोलवा. आधी काही ओतलं असेल तर पंप मारू नका, आणि प्लंबरला ते आवर्जून सांगा; ते पाणी त्याच्या डोळ्यांत उडू शकतं.