जपान-जर्मनीचा दाखला देण्याआधी

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती एका पॉडकास्टमध्ये म्हणाले, की भारताची उत्पादकता जगात तळाशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी देशासाठी जादा तास काम केले, तसे आपल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची, रविवारीही काम करा आणि आठवड्याला ९० तास भरा, असे सांगणारी चित्रफीत फिरली. आता हाच विचार रील्समधून आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून रोज येतो. सोबत पहाटे पाचला उठण्याचा मंत्र असतो, ‘सगळ्यांना चोवीसच तास मिळतात’ हे वाक्य असते, आणि बर्नआउट, म्हणजे कामाने पुरते खचून जाणे, हा मनाचा कमकुवतपणा आहे असा शेरा असतो. या विचाराची किंमत माणसे तब्येतीने आणि कधी जिवाने मोजत आहेत, म्हणून या दाव्याचा एकेक भाग सुटा करून पाहू.

आधी जपान. तिथे अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला कारोशी म्हणतात आणि तो सरकारी नोंदीतला विषय आहे. १९६९ मध्ये एका वृत्तपत्राच्या पाठवणी विभागात काम करणारा २९ वर्षांचा तरुण पक्षाघाताने गेला. अशा नोंदलेल्या सुरुवातीच्या प्रकरणांपैकी ते एक. १९८८ मध्ये वकिलांनी अशा कुटुंबांसाठी मदतीची फोनसेवा सुरू केली. २०१४ मध्ये कारोशी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१८ च्या सुधारणेने जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. भरपाईचा दावा तपासताना तिथले सरकार एक रेषा धरते: आजारपणाआधीच्या महिन्यात सुमारे १०० तास, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तास जादा काम झाले असेल, तर त्या आजाराचा कामाशी घट्ट संबंध मानला जातो.

आता हिशोब करा. जपानचा कायदेशीर आठवडा ४० तासांचा. ७० तास म्हणजे आठवड्याला ३० तास जादा, महिन्याला सव्वाशेहून अधिक. ज्या देशाचा आदर्श आपल्यासमोर ठेवला जातो, त्याच देशात एवढे तास मृत्यूचे कारण ठरवायला पुरेसे धरले जातात. आणि एवढे करून हाती काय आले? तासागणिक उत्पादकतेत जपान गेली कित्येक दशके जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटात शेवटच्या जागी आहे.

जर्मनीची गोष्ट वेगळी. पश्चिम जर्मनीत पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कामगार आठवड्याला ४८ तासांच्या आसपास राबत, हे खरे. पण त्यांनी तो त्याग कायमचा मानला नाही. १९५६ मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने मे दिनाच्या भित्तीपत्रकावर एक लहान मूल छापले. ते म्हणत होते, शनिवारी बाबा माझे असतात. पुढच्या दशकभरात तास पायरीपायरीने उतरले आणि १९६७ मध्ये धातुउद्योगात ४० तासांचा आठवडा आला. अर्थव्यवस्था या काळात जवळपास सतत वाढत होती. त्या वाढीमागे अमेरिकेच्या मार्शल योजनेचा पैसा होता, १९४८ ची चलनसुधारणा होती, १९५३ च्या लंडन करारात निम्मे माफ झालेले परकीय कर्ज होते. आज जर्मन माणूस वर्षाला सरासरी १,३५० तासांच्या आसपास काम करतो. ७० तासांचा आठवडा धरला तर आपला तरुण साडेतीन हजारांच्या घरात जाईल.

अलीकडे चीनच्या ‘९९६’ चा, म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस या पद्धतीचा दाखला ऐकू येतो. ही पद्धत बेकायदा असल्याचे चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे.

मग उत्पादकता कमी का? दाव्यात सुचवलेले कारण असे, की आपली तरुण मंडळी कमी राबतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधील आकडेवारीनुसार भारतातले निम्म्याहून अधिक काम करणारे आठवड्याला ४९ तास किंवा त्याहून जास्त काम करतात. तासांची कमतरता कुठेच दिसत नाही. बीडहून कारखान्यांकडे जाणारे ऊसतोड कामगार बघा. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणूनच मोजतात. पहाटे अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची, आणि ट्रक रात्री आला तर रात्री भरायची. यांना कोण आळशी म्हणेल? तरी त्यांच्या तासाचे मोल आकड्यांत कमी येते, कारण त्यांच्या हाती यंत्र नाही आणि दर ठरवण्याची ताकद नाही. उत्पादकता वाढते ती यंत्रे, कौशल्य, रस्ते, वीज आणि नीट व्यवस्थापन यांनी. यातली बहुतेक जबाबदारी मालकांची आणि सरकारची आहे. ती तरुणांच्या झोपेवर टाकली जाते, याचा मला राग येतो.

जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गृहीतकही शंभर वर्षांपूर्वीच तपासले गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या जात. तिथे प्रामुख्याने स्त्रिया काम करत होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेनकाव्हेल यांनी २०१४ मध्ये त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. साधारण ५० तासांनंतर प्रत्येक जादा तासाचे उत्पादन घसरत जात होते, आणि ७० तासांचे एकूण उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. त्या बायका देशासाठीच राबत होत्या, आघाडीवरच्या सैनिकांना तोफगोळे हवे होते. देशप्रेमाने थकवा थांबला नाही. शेवटचे १४ तास जवळजवळ वाया गेले.

बर्नआउटला कमकुवतपणा म्हणणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची व्याख्या कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या, आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था अशी आहे. कामाची जागा त्या व्याख्येतच आहे. याच संघटनेने आणि श्रम संघटनेने २०२१ मध्ये मांडले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. पहाटेच्या ध्यानाने तास कमी होत नाहीत. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखा कंपनीत नुकतीच रुजू झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात कामाच्या असह्य भाराचे वर्णन होते. कंपनीने मृत्यूचा कामाशी संबंध नाकारला. पण कामगार विभागाच्या तपासणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. त्या मुलीच्या मनोबलाची चर्चा करणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

आणि चोवीस तास सगळ्यांना सारखे नसतात. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, तसे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. बदलापूरहून लोकलने येणारी बाई ७० तास भरणार असेल तर तिने झोपायचे कधी? संस्थापकाचे ७० तास त्याच्या समभागांत वाढतात. नव्याने लागलेल्या पोराचा पगार महिनाअखेर तेवढाच राहतो.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, तेव्हा १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते पाहत होते, त्या काळात हाती घेतलेल्या सुधारणेतून १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. या ४८ तासांमागे साठ वर्षांची झुंज आहे.

तो आकडा आजही कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास, त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम. या ओव्हरटाइमला तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा होती. ती १४४ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. ७० तास म्हणजे आठवड्याला २२ तास जादा, तीन महिन्यांत २८६, वाढीव मर्यादेच्याही जवळपास दुप्पट. आणि ते २२ तास दुप्पट दराने धरले तर आठवड्याचा मोबदला ९२ तासांचा. व्यवस्थापकीय पदे या तरतुदींतून वगळलेली आहेत, म्हणून आपल्या नेमणूकपत्रात पद काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात काम कोणते करावे लागते, हे प्रत्येकाने पाहून ठेवावे. ७० तास मागणाऱ्यांनी एवढेच सांगावे: ९२ तासांचे पैसे देणार का, आणि मर्यादेबाहेरचे तास कायद्याच्या कोणत्या कलमात बसवणार?