सलग सुट्टी आणि सुटलेले टाके

तीन दिवस सलग सुट्टी आली की भल्याभल्यांची बुद्धी फिरते. कुणी माळा आवरायला काढतं, कुणी पहाटे उठून पळायला जातं. मी नवऱ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. शनिवारी अंग, रविवारी बाह्या, सोमवारी गळा आणि मधल्या वेळात विरंगुळा म्हणून क्रोशाचा एक गोल रुमाल, असं शुक्रवारी रात्री कागदावर लिहून मी तो फ्रिजवर चिकटवला. कागद अजून तिथेच आहे. मी काढायला गेले तर नवरा काढू देत नाही.

लोकर लड्यांची आणली होती. 100 ग्रॅमची लडी, म्हणजे साधारण 200 मीटर धागा. लडी आधी दोन खुर्च्यांच्या पाठींना अडकवायची, मग तिला जागोजागी बांधलेले दोरे कापायचे आणि मग गोळा करायचा, असा क्रम असतो. मी दोरे आधी कापले. पुढचे साडेतीन तास एक टोक चिमटीत धरून मी टेबलाखालून गेले, खुर्चीवरून आले आणि पुन्हा टेबलाखाली गेले. आमच्याकडे मांजर नाही. तशी गरजही नाही.

दुपारी आत्याचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, "नमुना विणलास ना गं?"

"हो तर!" मी धडधडीत खोटं बोलले. नमुना म्हणजे लहानसा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजायचं. तीन दिवसांच्या सुट्टीत चौकोन वाळायची वाट कोण बघणार? नमुन्यालाच घडाभर लोकर!

टाके घालायचे होते 220. माझ्या पद्धतीत धाग्याची शेपटी आधीच सोडावी लागते, जेवढी रुंदी त्याच्या निदान तिप्पट. माझी शेपटी 207व्या टाक्याला संपली. उसवलं. दुसऱ्या खेपेला एवढी सोडली की उरलेल्या शेपटीत एक मोजा झाला असता. मोजणी ऐन भरात असताना नवऱ्याने विचारलं, "किती वाजले गं?"

"एकशे सेहेचाळीस."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो निमूटपणे आतल्या खोलीत गेला.

गोल सुईवर, म्हणजे दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, विणताना पहिली फेरी जोडण्याआधी सगळे टाके एका दिशेला आहेत ना, हे बघून घ्यायचं असतं. कुठे पीळ पडला असेल आणि तसंच जोडलं, तर सुंभ जळला तरी तो पीळ जात नाही. हे मला माहीत होतं. रविवारी सकाळी, सहाव्या फेरीला, ते पुन्हा आठवलं. उसवलं.

विल्यम ली नावाच्या इंग्रजाने 1589 साली मोजे विणायचं यंत्र बनवलं. ज्या मुलीवर त्याचं मन जडलं होतं ती त्याच्याकडे न बघता सतत विणत बसायची, म्हणून त्याने हे केलं अशी दंतकथा आहे. आमच्या घरच्या पुरुषाने हेडफोन लावले.

तिसऱ्यांदा सुरुवात करून चार बोटं विणून झाल्यावर टेप लावली. 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके हवेत, माझे 20. दोन टाक्यांनी काय होतंय, असं वाटतं. पण 220 टाक्यांचा घेर 100 सेंटिमीटर व्हायचा तो 110 झाला होता. स्वेटर उसवण्यापेक्षा नवऱ्याला वाढवणं सोपं, हा विचार मनात येऊन गेला. सोमवारपर्यंत जमण्यातला नव्हता. आत्याला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "हात सैल आहे तुझा. एक नंबर बारीक सुई घे. आणि आता तरी नमुना वीण."

उसवलं. नमुना वाळत टाकला आणि तोवर क्रोशा हातात घेतला. 6 टाक्यांचं कडं करायचं आणि दर फेरीला 6 टाके वाढवायचे, की गोल सपाट राहतो. मी आत्याच्या बोलण्याचा विचार करत वाढवायचं विसरले. रुमालाच्या कडा वर उचलल्या, मग आत वळल्या. ही टोपी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्याला बसत नाही. नवरा तीत किल्ल्या ठेवतो.

सोमवारी मात्र हात बसला. संध्याकाळी कौतुकाने विणलेलं पसरून बघते तर 14 फेऱ्या खाली एक टाका गळलेला! सुटा फास तोंड वासून बसला होता आणि त्याच्यावर आडव्या धाग्यांची शिडी. या वेळी उसवलं नाही. क्रोशाची आकडी फासात घातली, वरचा धागा पकडला, फासातून ओढला. एक पायरी. पुन्हा पकडला, ओढला. चौदाव्या पायरीवर टाका सुईवर चढला तेव्हा मी एवढ्या जोरात "आला!" म्हणाले की नवरा दार उघडायला धावला.

रात्री पावणेबाराला पहिला गोळा संपला. अंग वीतभर झालं होतं. आणखी एकच फेरी, म्हणून दुसरी लडी काढली, दोरे न कापता खुर्च्यांना घातली आणि सहज चिठ्ठी वाचली. रंग तोच, पण एका वेळी रंगवलेल्या लोकरीला जो नंबर देतात तो वेगळा. दोन्ही धागे ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी धरले. एक निळा होता. दुसराही निळाच होता, पण वेगळा.

मी दिवा मालवला आणि पुन्हा बघितलं. आता अगदी सारखे दिसत होते.