नको झालेलं अ‍ॅट्रिब्यूट? उडवा की!

प्रोग्रॅममध्ये ग्राहकाच्या ऑब्जेक्टमध्ये (त्याची माहिती ठेवणाऱ्या डब्यात) 'सवलत' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे एक कप्पा, आहे आणि तुम्हाला ते नकोय. 'शून्य ठेव, नन (म्हणजे 'काहीच नाही') ठेव' असं सांगणारे सीनियर भेटतीलच. ऐकू नका. 'क्लासचं (ज्या आराखड्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्याचं) डिझाइन बदल' म्हणणाऱ्याकडे तर बघूही नका, स्प्रिंट शुक्रवारी संपतोय. भाषा पायथॉन आहे ना? मग मारा डेल, म्हणजे 'हे काढून टाक' ही कमांड. एका ओळीत काम फत्ते.

जावावाल्यांची कीव येते. क्लासमध्ये एकदा फील्ड लिहिली की ती ऑब्जेक्टच्या मरणापर्यंत सोबत. फार तर नल, म्हणजे रिकामी, करा. आपल्याकडे एकाच क्लासच्या दोन भावंडांपैकी एकाला सवलत असते, दुसऱ्याला नसते, आणि कोणाला आहे ते रन केल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. शेवटी जिथे जिथे सवलत वाचली जाते तिथे तिथे हॅजअ‍ॅटर, म्हणजे 'हे अ‍ॅट्रिब्यूट आहे का?' ही तपासणी, लावत सुटायचं. ओळी वाढतात, अप्रेझलला बऱ्या दिसतात.

मी हे स्वतः केलंय. क्लासवर सवलत 10 होती, एका ग्राहकाच्या ऑब्जेक्टवर 0. त्याला सवलत द्यायचीच नव्हती, म्हणून मी ती मुळासकट उपटली. निदान मला तसं वाटलं. डेल फक्त ऑब्जेक्टच्या खिशातलं काढतं. खिसा रिकामा दिसला की पायथॉन मुकाट क्लासच्या पेटीत हात घालतं. बिलावर 10 टक्के सूट! ग्राहकाने अर्थातच तक्रार केली नाही, अकाउंट्सच्या मॅडमनी केली. घाबरून डेल आणखी एकदा मारलं, तर अ‍ॅट्रिब्यूटएरर. काढायला काही उरलं नव्हतं आणि सूट मात्र जागच्या जागी.

जावास्क्रिप्टमध्ये तर मजाच. नसलेली प्रॉपर्टी डिलीट करायला सांगा, तरी ते 'ट्रू' म्हणतं. इतका होयबा टीममध्ये दुसरा नाही. क्रोम ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही8 इंजिन सारख्या घडणीच्या ऑब्जेक्टसाठी आतल्या आत साचा ठेवून वेग मिळवतं. मधलीच प्रॉपर्टी उडवलीत की ऑब्जेक्ट साच्यातून बाहेर पडून डिक्शनरीसारखं नाव शोधत रखडत चालतं. आणि हे सगळं म्हणे मेमरी वाचवायला!

एक खास युक्ती सांगतो. पायथॉनमध्ये डेलऐवजी डेलअ‍ॅटर (अ‍ॅट्रिब्यूटचं नाव मजकूर म्हणून घेऊन ते काढणारं फंक्शन) वापरा आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नाव कॉन्फिग फाइलमधून आणा. मग कोडमध्ये 'सवलत' शोधणाऱ्याला ती ओळ सापडणारच नाही. फंक्शनला नाव द्या 'क्लीनअप'. वर कॉमेंट टाका: 'तात्पुरतं आहे, नंतर काढणे'. ती कॉमेंट तेवढी कोणी उडवत नाही.