नेत्याची प्रकृती कशी आहे, हे सांगायचे कोणी?

पोलीस भरतीच्या मैदानावर मुलाची उंची अनवाणी मोजतात. १६५ सेंटिमीटरला थोडी जरी कमी भरली, तरी बाहेरचा रस्ता दाखवला जातो. सरकारी कारकुनालाही वैद्यकीय पात्रतेचा दाखला आणावा लागतो. ज्यांच्या सहीने राज्य चालते त्यांच्याबाबत मात्र 'प्रकृती स्थिर असून उपचारांना प्रतिसाद मिळत आहे' एवढ्यावर जनतेने समाधान मानावे, अशी आपल्याकडची रीत आहे. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असे सारे असते. प्रकृतीचा रकाना तेवढा नसतो.

आम्हा नागपूरकरांना याची झळ बसलेली आहे. नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे व्हायला हवे. २०२० चे कोरोनामुळे हुकले. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाल्याने हिवाळी अधिवेशन पुन्हा मुंबईतच भरले. शस्त्रक्रिया खरी होती, आजारही खरा होता. तरी पानठेल्यापानठेल्यावर 'हे निमित्त तर नाही?' असा प्रश्न निघत होता. हा संशय मला अन्यायकारक वाटतो, पण तो हवेतून आला नव्हता. तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता २२ सप्टेंबर २०१६ रोजी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा ताप आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे कारण सांगितले गेले. ५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले आणि पुढे चौकशी आयोग नेमावा लागला. असे एकदा घडले की पुढच्या खऱ्या आजारालाही लोक खोटे ठरवतात.

वारंवार पत्रके काढली म्हणजे विश्वास बसतो, असेही नाही. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांच्या प्रकृतीची पत्रके दर सहा महिन्यांनी निघत होती, आणि १९८१ मध्येच निदान झालेला कर्करोग १९९२ पर्यंत लोकांपासून लपून राहिला. पत्रकावर सही होती ती त्यांच्याच डॉक्टरांची! ट्रम्प यांची उंची २०१८ च्या तपासणीत सहा फूट तीन इंच आणि वजन २३९ पौंड नोंदवले गेले, तेव्हा लोक छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून इंच मोजत बसले, कारण एक इंच कमी धरला असता तर ते स्थूलांच्या गटात गेले असते. हा पोरखेळच, पण ज्याचा इंचावर विश्वास नाही तो हृदयाच्या अहवालावर कशाला ठेवील?

उलट आमचे नितीन गडकरी आपले वजन पूर्वी १३५ किलो होते, हे भर सभेत सांगतात आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. मात्र सगळ्यांनी एवढे मोकळे व्हावे, अशी माझी अपेक्षा नाही. कोणाची साखर किती, हे जाणून मला काही करायचे नाही. मुख्यमंत्री वा मंत्री काही दिवसांहून अधिक काळ कामापासून दूर राहिले, तर विधिमंडळाने नेमलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या मंडळाने तपासणी करावी आणि ते काम करू शकतात का, नसल्यास अंदाजे किती काळ, एवढेच लेखी कळवावे. कार्यभार तोवर कोणाकडे, हे सरकारने त्याच दिवशी जाहीर करावे.